१९७३ ची एमजीबी जीटी: तारांची चाकं घ्यावीत की रोस्टाईलच ठेवावीत?

नमस्कार मंडळी,

मी बर्मिंगहॅमजवळ राहतो. गेल्या वर्षी १९७३ ची एमजीबी जीटी ही जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार घेतली, क्रोम बंपरवाली, गडद हिरवी. इंजिन, गिअरबॉक्स ठणठणीत. घोडं अडलंय चाकांपाशी. सध्या मूळची रोस्टाईल पत्र्याची चाकं आहेत आणि त्यांच्या रुपेरी-काळ्या रंगाखालून गंज वर यायला लागलाय. तीच रंगवून घ्यावीत, की आता तारांची चाकं बसवावीत?

माझं मन तारांकडेच ओढ घेतं. १९६२ मध्ये एमजीबी आली तेव्हापासून तारांची चाकं जादा पैसे भरून मिळायची. रोस्टाईल आली १९७० च्या मॉडेलपासून. म्हणजे माझ्या गाडीला दोन्ही शोभतात. मुलगा मिनीलाईट या मिश्रधातूच्या चाकांचा आग्रह धरतोय. धुवायला सोपी, ट्यूबची कटकट नाही, सगळं मान्य. पण ती चाकं मला मिनी कूपरवर आवडतात, एमजीबीच्या लांब नाकाखाली नाही.

गेल्या शनिवारी एक जुना संच बघून आलो. लांबून क्रोम झगझगीत. पेन्सिलीने एकेक तार वाजवत गेलो. ताणलेली तार टण्ण वाजते, ढिली नुसती थप्प करते. एका चाकात ६० पैकी सात तारा ढिल्या निघाल्या. त्याचं मला फारसं वाटलं नाही. सायकलच्या दुकानात चाकाचा आउट काढताना लहानपणी तासन्‌तास बघितलंय, तारा कसता येतात. पण मधल्या भोकात बोट फिरवलं तर आतले दाते करवतीसारखे टोकदार! तिथूनच परत फिरलो. गाडीचा सगळा जोर त्या दात्यांवर येतो. ते झिजले की निघताना आणि ब्रेक दाबताना खट्‌ खट्‌ आवाज येतो, आणि अशी चाकं नव्या हबवर (ज्या दातेरी भागावर चाक चढतं त्यावर) चढवली तर त्याचे दातेही खराब होतात.

आता मुख्य अडचण. तारांच्या चाकांच्या गाडीला कारखान्यातूनच मागचा ॲक्सल अरुंद यायचा, माझा रुंद आहे. त्याच्यावर नुसते ॲडॅप्टर (तारांचं चाक चढवण्यासाठीचे दातेरी जोडभाग) लावले तर चाक बाहेर येतं आणि टायर मागच्या कमानीला घासू शकतो. चार नटांवर बसणारी तारांची चाकंही मिळतात, पण मग तांब्याच्या हातोडीने चाकाच्या मधोमध बसणारा दोन कानांचा नट ठोकण्यातली मजा जाते, आणि मला ती हवी आहे.

जाणकारांनी कृपया सांगावं: कुणी अरुंद ॲक्सल बसवून घेतलाय का? ॲडॅप्टर लावले असतील तर खड्ड्यात, मागे दोघं बसलेले असताना टायर घासतो का? आणि इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, मी गाडी तेव्हाही काढतो. अशा वेळी क्रोमपेक्षा चंदेरी रंग दिलेल्या तारा टिकतात का? दात्यांना ग्रीस किती महिन्यांनी लावता?

गॅरेजवाल्याला पुढच्या आठवड्यात कळवायचंय. कमान आणि टायर यांच्यात बोट घालून काढलेला एखादा फोटो टाकलात तर फार मदत होईल.