मदत हवी आहे: घटस्फोटाची केस चालू असताना नवरा मेडिक्लेममधून बायकोचं नाव काढू शकतो का?

नमस्कार मंडळी,

गेल्या वर्षापासून मी मुलाला घेऊन माहेरी, नाशिकला राहते. नवरा पुण्यात. केस फॅमिली कोर्टात आहे, निकाल नाही, म्हणजे कायद्याने आम्ही अजून नवरा-बायकोच. आमच्या फॅमिली फ्लोटरचा (सगळ्या कुटुंबाचा मिळून एकच मेडिक्लेम) प्रपोजर, म्हणजे ज्याने पॉलिसी काढली तो, नवरा आहे. मी आणि मुलगा त्यात आहोत. मार्चमध्ये रिन्यूअल आहे आणि परवा त्याचा मेसेज आला, "या वेळी तुझं नाव काढतोय. मुलाचं ठेवतो. तुझं तू बघ."

प्रश्न हप्त्याचा नाही, माझ्या वाटचे पैसे मी भरेन. मला आमवात आहे, इंजेक्शनं आणि रक्ततपासण्या सतत चालू असतात. सात वर्षं पॉलिसीत खंड नाही, त्यामुळे वेटिंग पिरियड केव्हाच संपलाय. आता नवीन पॉलिसी घ्यायची तर जुन्या आजारासाठी पुन्हा ३ वर्षांपर्यंत थांबा, आणि माझे रिपोर्ट बघून कोण देणार हाही प्रश्नच.

कस्टमर केअरचं एकच पालुपद, "मॅडम, बदल प्रपोजरच्या सहीनेच होतात." ज्याचा विमा आहे त्याला न विचारता त्याचं नाव जातं, हे मला अजिबात पटत नाही. पोर्ट करायचं (जुना फायदा राखून दुसऱ्या विमा कंपनीत जायचं) तर रिन्यूअलच्या ४५ दिवस आधी अर्ज द्या, असं एजंटकाका सांगतात. पण नवऱ्याच्या सहीशिवाय मला एकटीला, सात वर्षांचा फायदा राखून, वेगळी पॉलिसी करून मिळते का? कोणी केलंय का असं?

वकीलबाईंचं म्हणणं, १९५६ च्या हिंदू दत्तक आणि पोटगी कायद्यात पोटगीतच औषधोपचार धरलेले आहेत, आणि घरगुती हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्यात कलम २० खाली उपचाराचा खर्च मागता येतो. ते खरं, पण खर्च करून मग कोर्टात मागत बसणं वेगळं आणि विमा चालू असणं वेगळं. ॲडमिट व्हायची वेळ आली तर डिपॉझिट त्याच दिवशी भरावं लागतं. म्हणून अंतरिम अर्जात "निकालापर्यंत पत्नीचं नाव पॉलिसीतून काढू नये" अशी मागणी घालायची आहे. असा आदेश कोणाला मिळालाय का? मिळाला असेल तर कोणत्या कलमाखाली, आणि विमा कंपनीला पक्षकार करावं लागलं का?

बीमा भरोसा पोर्टलवर (विमा नियामकाचं तक्रारींचं संकेतस्थळ) आधीच तक्रार टाकून ठेवावी, की नाव निघाल्यावरच ती घेतात?

कोर्टातली किंवा विम्यातली माणसं इथे असतील तर कृपया लिहा. उघड लिहायचं नसेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.