बाहेर असलेल्या माणसाच्या मोबाइलवर एक्स्टेन्शनचे फोन वळवण्यासाठी काय घ्यावे?

काटोलरोड_पंप :
नमस्कार. नागपुरात काटोल रोडवर आमचे कृषिपंप विक्री व दुरुस्ती केंद्र आहे. जुने ईपीएबीएक्स (बाहेरच्या लाइन ऑफिसमधील फोनना जोडणारे यंत्र) असून त्यावर ३ लँडलाइन आणि ११ एक्स्टेन्शन (टेबलांवरचे अंतर्गत फोन) आहेत. दुरुस्तीच्या फोनसाठी २४ क्रमांकाचे एक्स्टेन्शन आहे, पण तिथले कारागीर दिवसभर काटोल-नरखेडच्या संत्राबागांमध्ये असतात आणि फोन रिकाम्या टेबलावर वाजत राहतो. आंबिया बहाराची, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीच्या फुलांपासून धरलेली, फळे एप्रिल-मेच्या उन्हात झाडावरच असतात. त्या दिवसांत मोटार जळून पाणी तुटले की फळगळ सुरू होते, म्हणून शेतकऱ्याचा एकही फोन चुकलेला मला सहन होत नाही. शिवाय आमच्या हिशेबनीस ताई आठवड्यातले ३ दिवस वर्ध्याला घरूनच काम करतात, त्यांचे २७ क्रमांकाचे एक्स्टेन्शनही त्यांच्यापर्यंत पोहोचले पाहिजे. खर्चाची मर्यादा १५,००० रुपये आहे. काय घ्यावे?

हिंगणा_कारखाना :
आपण सरळ आयपी एक्स्चेंज, म्हणजे इंटरनेटच्या जाळ्यावर चालणारे एक्स्चेंज घ्या. आम्ही २० फोनसंचांसह ८२,००० रुपयांना घेतले आणि त्याचा एक दिवसही पश्चात्ताप झालेला नाही. देखभाल विभागाचे ३१ क्रमांकाचे एक्स्टेन्शन अभियंत्याच्या मोबाइलमधील सॉफ्टफोनवर (इंटरनेटवरून फोन घेणाऱ्या अॅपवर) वाजते, मग तो बॉयलरजवळ असो की घरी जेवायला बसलेला असो. चांगला आवाज ठेवला तरी एका संभाषणाला प्रत्येक दिशेने सुमारे ९० केबीपीएस एवढाच इंटरनेटचा वेग लागतो, त्यामुळे साधे ब्रॉडबँडही पुरते. १५,००० रुपयांत काम भागवण्याचा नाद सोडा.

धंतोली_दवाखाना :
यंत्र विकत घेण्यापेक्षा क्लाउड टेलिफोनी, म्हणजे कंपनीने इंटरनेटवरून भाड्याने दिलेले एक्स्चेंज बरे, असे मी अनुभवाने सांगते. फोन कोणाचा आला, किती वाजता आला आणि कोणी उचलला नाही याची नोंद आपोआप राहते, आणि हीच नोंद मला सर्वांत मोलाची वाटते. भाडे मात्र दरमहा भरावे लागते. शिवाय आमचा क्रमांक बदलला आणि जुने रुग्ण कित्येक महिने जुन्याच क्रमांकावर फोन करत राहिले, ही गोष्ट विक्रेत्याने आधी सांगायला हवी होती.

बुटीबोरी_वायरमन :
काहीही घेण्यापूर्वी आपल्या ३ लाइनचा हिशेब करा, कारण इथे बहुतेक जण तोच विसरतात. बाहेरून आलेला फोन एक लाइन अडवतो, आणि ईपीएबीएक्स तो मोबाइलवर वळवते तेव्हा त्यासाठी दुसरी लाइन घेते. म्हणजे एका वळवलेल्या फोनला २ लाइन लागतात आणि बाकीच्या सगळ्या ऑफिससाठी एकच उरते. २४ आणि २७ दोन्ही वळवली, तर दुसरा फोन पुढे जाणारच नाही.
दुसरी अडचण अशी की साध्या लँडलाइनवर समोरच्याने फोन उचलला की नाही हे यंत्राला बहुधा कळतच नाही. कारागिराचा मोबाइल आवाक्याबाहेर असेल, तर शेतकरी मोबाइल कंपनीची ध्वनिफीत ऐकत राहतो आणि यंत्र समजते की बोलणे चालू आहे. तो फोन रिसेप्शनवर परत येत नाही. कारागिराच्या पडद्यावर क्रमांकही आपल्या ऑफिसचाच दिसतो, शेतकऱ्याचा नाही. म्हणून ‘उत्तर न आल्यास वळवा’ ही सोय चार-पाच रिंगांनंतर लावा, सरसकट सगळे फोन वळवू नका.

सीताबर्डी_होलसेल :
लँडलाइनच बंद करा. आमच्या पेढीने सर्व फोन मोबाइलवर घेतले आणि कारभार सुटसुटीत झाला. वायरमन भाऊ सांगतात तेही बरोबर आहे, एका फोनला २ लाइन लागतात.

काटोलरोड_पंप :
सीताबर्डीचे साहेब, आमचा ०७१२ चा क्रमांक शेकडो शेतांतील स्टार्टरच्या पेट्यांवर चिकटवलेला आहे. रात्री बॅटरीच्या उजेडात शेतकरी तोच वाचून फोन लावतो, त्यामुळे तो बदलणे मला शक्य नाही.
वायरमन भाऊंच्या सल्ल्याने काल २४ वर चार रिंगांची सोय लावली, परंतु रिंग संपल्यावर फोन पुढे जातच नाही. यंत्र बिघडले असेल का?

बुटीबोरी_वायरमन :
यंत्र चांगले आहे, आपण मोबाइल क्रमांक शून्याशिवाय भरला असावा. १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइलला फोन लावताना आधी ० लावावा लागतो. आपल्या यंत्रात बाहेरची लाइन घेण्यासाठीही ० असेल, तर दोन शून्ये आणि नंतर १० अंकी क्रमांक असे भरा. जुन्या यंत्रांमध्ये त्या तारखेपूर्वी साठवलेले क्रमांक मी आजही दुरुस्त करत असतो.

रामदासपेठ_सीए :
एवढे कशाला? मोबाइलवरूनच यूएसएसडी कोड (* आणि # असलेला क्रमांक) दाबून फोन वळवता येतो. आम्ही अनेक वर्षे तसेच करत होतो.

हिंगणा_कारखाना :
ती माहिती जुनी झाली. फसवणुकीचे प्रकार वाढल्यामुळे दूरसंचार विभागाने यूएसएसडीवरून फोन वळवण्याची सोय १५ एप्रिल २०२४ पासून पुढील आदेशापर्यंत थांबवायला सांगितली होती. शिवाय तो कोड मोबाइलवर आलेला फोन वळवतो, ऑफिसच्या एक्स्टेन्शनशी त्याचा संबंध नाही. आणि वर्ध्याला घरी एक्स्टेन्शन नेणे मुळात नियमात बसते का, हेही आधी तपासा.

धंतोली_दवाखाना :
बंधने प्रामुख्याने कॉल सेंटरसारख्या सेवांसाठी होती, आणि नोव्हेंबर २०२० व जून २०२१ मध्ये तीही बरीच शिथिल झाली. नोंदणीची अट गेली आणि घरून काम करणाऱ्याला मुख्य ईपीएबीएक्सशी जोडून घेण्याची मुभा मिळाली. हिशेबनीस ताईंना उगाच घाबरवू नये.

परसोडी_लिनक्स :
१५,००० रुपयांत बसणारा मार्ग मी सांगतो. अॅस्टरिस्क ही संगणकालाच एक्स्चेंज बनवणारी, १९९९ पासून विकसित होत आलेली मुक्त प्रणाली आहे, आणि ती जुन्या संगणकावर चालते. लँडलाइन संगणकाशी जोडणारे गेटवे नावाचे यंत्र तेवढे घ्यावे लागेल. एकच फोन आधी टेबलावर, मग मोबाइलवर, मग दुसऱ्या कारागिराकडे असा क्रमाने फिरवता येतो. मात्र ती इंटरनेटला उघडी ठेवू नका. मी एका एक्स्टेन्शनला २०१ हाच पासवर्ड ठेवला होता. एका शनिवारी रात्री कोणीतरी आत शिरून परदेशात फोन केले आणि सोमवारी सकाळी बिलाची रक्कम पाहून मी हादरलो. म्हणून पासवर्ड लांब ठेवा आणि गरज नसेल तर आयएसडी (परदेशी फोनची सोय) फोन कंपनीकडूनच बंद करून घ्या.

सीताबर्डी_होलसेल :
गेटवे घ्या किंवा काहीही घ्या, लँडलाइनवरूनच मोबाइलला वळवले तर एका फोनला २ लाइन लागणारच.

काटोलरोड_पंप :
दोन शून्यांनी काम झाले, वायरमन भाऊंचे मनापासून आभार. आठवडाभर २४ वळवून पाहिले. फोन पोहोचतात, पण विहिरीत उतरून पंप ओढणारा माणूस तो घेऊ शकत नाही, आणि घेतलाच तर मोटार किती अश्वशक्तीची, बोअर किती फुटांचे, स्टार्टर कोणता, हे लिहून घ्यायला त्याचे हात मोकळे नसतात. परवा नरखेडकडच्या एका शेतकऱ्याला दोनदा ध्वनिफीत ऐकू आली आणि तिसऱ्यांदा त्याने फोनच केला नाही. ही गोष्ट मला फार लागली.
त्यामुळे आपणा सर्वांच्या सल्ल्याविरुद्ध मी २४ वळवणे बंद केले आहे. मार्च ते जूनपर्यंत त्या टेबलावर सकाळी ७ ते रात्री ९ या वेळेत पाळीपाळीने माणूस बसेल, तक्रार वहीत लिहून घेईल आणि वेगळ्या मोबाइलवरून जवळच्या कारागिराला गाठेल. तो मोबाइल ७,००० रुपयांत आला. फक्त २७ वर्ध्याला वळवलेले राहील, म्हणजे तेव्हाही दुरुस्तीच्या फोनसाठी एक लाइन उरेल. उरलेल्या पैशांत पावसाळ्यापूर्वी अर्थिंग आणि आकाशातल्या विजेपासून संरक्षणाचे मॉड्यूल बसवायचे आहे.
एक शंका उरते. ताईंचे बोलणे बरोबर दहा मिनिटांनी तुटते, असे का होते?

बुटीबोरी_वायरमन :
बाहेरच्या दोन लाइन एकमेकींना जोडल्या की अनेक यंत्रे ठरावीक मुदतीनंतर संभाषण आपोआप तोडतात, कारण दोघांनी फोन ठेवला तरी यंत्राला ते कळत नाही आणि दोन्ही लाइन अडकून पडतात. प्रोग्रॅमिंगमध्ये ती मुदत २० मिनिटे करा, पण काढून टाकू नका. मॉड्यूल मात्र तिन्ही लाइनवर बसवा. एक लाइन उघडी राहिली, तर वीज त्याच तारेने आत येते.