वासरकुपेवर (जर्मनीतला डोंगर) ४ मीटरचं स्केल ग्लायडर, डोंगरावरून पहिल्यांदाच. सल्ला हवाय

माइनकाठचा:
मंडळी, इथे कोणी स्लोपवर (डोंगरउतारावरच्या वाऱ्यात) मोठी स्केल ग्लायडर, म्हणजे खऱ्या ग्लायडरची रिमोटवर चालणारी हुबेहूब लहान मॉडेल, उडवतं का? मी फ्रँकफर्टला असतो, फोमचं छोटं ग्लायडर इथल्या टेकड्यांवर बऱ्यापैकी जमतं, आपटलं तरी उचलून पुन्हा फेकता येतं त्यामुळे भीड चेपलीय. आता क्लबातल्या एका आजोबांकडून एएसके १३ (त्या नावाच्या खऱ्या जर्मन ग्लायडरचं मॉडेल) घेतलंय, १:४ स्केल, म्हणजे पंख ४ मीटर, लाकडी, वरून कापड, वजन साडेसहा किलो. मैदानावर टो करून (दोरीने ओढून वर नेऊन) उडवलंय, छान उडतं. पण पुढच्या महिन्यात वासरकुपेवर स्केलवाल्यांची मीट आहे आणि सगळे चल चल म्हणतायत. डोंगरावरून हातानं सोडायचं म्हटलं की पोटात गोळा येतो. फेकायचं कसं, वारा किती हवा? बायको म्हणते एवढं महागाचं खेळणं दरीत टाकायला चाललायस.

उताराचा_वारा:
फेकायची काळजी सोडा. साडेसहा किलोचं मॉडेल तुम्ही स्वतः फेकायचंच नाही, ट्रान्समीटर दोन्ही हातात धरून उभं राहायचं आणि सवय असलेल्या माणसाला फेकायला सांगायचं. पंख सपाट, तोंड बरोबर वाऱ्यात, नाक क्षितिजाच्या किंचित खाली. नाक वर करून फेकलं की तिथेच स्टॉल (स्पीड पडून पंखांची उचल जाते). सुटल्यावर लगेच एलेव्हेटर (नाक वर-खाली करणारी शेपटीची पट्टी) ओढू नका, जरा खाली जाऊ दे, स्पीड आला की लिफ्ट (वर चढणारा वारा) उचलतेच. वारा उतारावर सरळ येणारा हवा, ताशी १५ ते २५ किमी असेल तर पहिल्या दिवसाला उत्तम. आणि फेकण्याआधी एलेरॉन (मॉडेल डावी-उजवीकडे कलवणाऱ्या पंखांवरच्या पट्ट्या) उलटे चालत नाहीत ना ते बघा, हसू नका, अनुभवी लोकांचंही होतं.

तुम्ही विचारलंच नाहीत पण खरी गोम उतरवण्यात आहे. डोंगराच्या पुढून वारा वर चढतो, माथा ओलांडला की मागे तोच गोल फिरून खाली येतो, त्याला रोटर म्हणतात, आणि लँडिंग बहुतेक वेळा माथ्यावर किंवा मागेच करायचं असतं. वासरकुपेचा माथा गोलसर गवताळ आहे, कडा नाही, त्यामुळे तसा त्रास कमी, पण जोराच्या वाऱ्यात तिथेही मॉडेल अचानक खाली बसतं. म्हणून पोचल्या पोचल्या पंख जोडायला घेऊ नका. तासभर नुसतं बघा, जुने लोक कुठून वळतात, ब्रेक (पंखातून वर येऊन स्पीड मारणाऱ्या पट्ट्या) कुठे उघडतात, कुठल्या पट्ट्यात टेकवतात. जमिनीलगत वारा मंद असतो, त्यामुळे वर पुरेसा वाटलेला स्पीड शेवटच्या दोन मीटरमध्ये कमी पडतो, म्हणून नाक खालीच ठेवून या आणि जास्तीचा स्पीड ब्रेकने मारा.

श्रॉपशायरकर:
+१. आम्ही इंग्लंडात लाँग मिंड डोंगरावर उडवतो, तिथली सगळ्यात पहिली शिकवणी म्हणजे वळायचं ते कायम डोंगरापासून बाहेर, डोंगराकडे कधीच नाही. समोरासमोर आलात तर ज्याच्या उजव्या हाताला डोंगर त्याचा हक्क, दुसऱ्याने बाजूला व्हायचं, खऱ्या ग्लायडरवाल्यांचाच नियम आहे हा. पायलट सगळे एका जागी उभे राहा, कुठेतरी लांब एकटे जाऊ नका, आणि उतरताना "लँडिंग" असं मोठ्यानं ओरडा, लाजू नका. खरं ग्लायडर किंवा पॅराग्लायडर आलं की आपण सरळ खाली, वाद नाही.

आणि सावकाश उडवा हो! लोक स्केल मॉडेल घेतात आणि फोमच्या पतंगासारखं भिरकावतात. १:४ स्केलला स्पीड निम्मा दिसला पाहिजे (४ चं वर्गमूळ २), खरं एएसके १३ साधारण ताशी ९० किमीने जातं तर तुमचं ४५ ला खरं वाटेल. लांब पंखाला नुसत्या एलेरॉनने वळवलं तर नाक उलटीकडे जातं, रडर (शेपटीची उभी पट्टी) सोबत द्याच.

नाकात_शिसं:
माझं मत वेगळं. मीटच्या गर्दीत पहिला फेक कशाला? आकाशात दहा-बारा मॉडेल, वर बघे. आधल्या दिवशी संध्याकाळी जा, रिकामा उतार मिळेल.

उताराचा_वारा:
@नाकात_शिसं रिकामा उतार म्हणजे फेकायला माणूस नाही, खाली गेलं तर शोधायलाही नाही. मी तर म्हणेन मीटलाच, पण सकाळी लवकर, गर्दी व्हायच्या आत.

हडपसरचा_पोरगा:
जळवता राव 😀 आमच्याकडे सह्याद्रीत वारा भरपूर पण माथ्यावर धारदार कडा आणि मागे दगड-कारवी, ४ मीटरचं लाकडी टेकवायचं कुठे? कामशेतकडे पॅराग्लायडिंगवाल्यांच्या टेकड्या आहेत, तिथे फोमचंच नेतो. हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरवरची ग्लायडरं बघतच मोठा झालो. कोणीतरी रोहिणीचं स्केल मॉडेल करा रे, आपलं देशी डिझाइन, १९६१ ला पहिल्यांदा उडालं, दोन सीट शेजारी-शेजारी, त्यामुळे फ्यूजलाज (मधला सांगाडा) रुंद, आत सर्वो (पट्ट्या हलवणाऱ्या छोट्या मोटरी) आणि बॅटरीला जागाच जागा.

माइनकाठचा:
सगळ्यांना धन्यवाद, लँडिंगचं माझ्या डोक्यातच नव्हतं. रोहिणीची ड्रॉइंग मिळाली तर हिवाळ्यात बघतो. कागदपत्रं काय लागतील?

श्रॉपशायरकर:
तिकडचं जर्मनीवाले सांगतील.

उताराचा_वारा:
विमा सक्तीचा, त्याचा पुरावा जवळ ठेवा. नोंदणी नंबर मॉडेलवर चिकटवा. २ किलोच्या वर आहे म्हणून नॉलेज टेस्टचा कागदही, क्लबातून मिळाला असेलच. मॉडेलसाठी कुठला उतार ठरवलाय ते आयोजकांना आधीच विचारा, वर खरं विमानतळ आहे.

अजून एक, तुमचं एएसके १३ ज्या श्लायशर कंपनीचं, तिचा कारखाना त्याच डोंगराच्या पायथ्याशी पोपेनहाउझेनला आहे. पुढे झुकलेल्या पंखांचा कोन जरा चुकला असेल तरी तिथला एखादा म्हातारा येऊन सांगणार, तयारी ठेवा. वहिनींना वर ग्लायडर म्युझियममध्ये पाठवा, दोन तास आरामात जातात.