प्रति: डायल आवळूनही संध्याकाळी कृत्रिम पायाचा सॉकेट सैल का?

गुडघ्याखालच्या कृत्रिम पायाबद्दल सांगतो. सॉकेट म्हणजे स्टंप (कापलेल्या पायाचा उरलेला भाग) ज्यात बसतो तो साचा; डायल फिरवली की केबल आवळते आणि सॉकेटचे पॅनल आत दाबतात. डायलला हात लावण्याआधी स्टंपवरचे मोजे बघा. दिवसभरात स्टंप आकसतो, सॉकेटमध्ये खाली उतरतो. गुडघ्याच्या वाटीखाली आणि स्टंपच्या टोकाला लाली दिसते. तशीच केबल आवळली तर पॅनल भलत्याच जागी दाबतात. पाय काढा, 1 किंवा 3 प्लायचा (प्लाय म्हणजे मोज्याची जाडी) मोजा चढवा, उभं राहून पूर्ण वजन द्या, मगच डायल आत दाबून एकेक टिक फिरवा. बसलात की डायल बाहेर ओढून सैल करा (हे हमखास विसरतं). वर आवळलेला, तळाशी पोकळ सॉकेट सगळ्यात वाईट: टोकाला सूज येते, कातडी जांभळट पडते. मोजे एकूण 10 प्लायच्या पुढे गेले तर डायलचा उपयोग नाही, सॉकेटच नव्याने बसवून घ्या.