वारीहून आल्यावर सँडलचा कुबट वास जात नाही

प्रश्न:
यंदा आळंदी ते पंढरपूर ही सुमारे २५० किलोमीटरची वाट मी नायलॉनच्या पट्ट्यांच्या सँडलवर चाललो. दिवे घाटात पावसाने आणि पुढे सोलापूर जिल्ह्यातील काळ्या मातीने ते पुरते माखले. घरी आल्यावर दोनदा साबणाने धुतले, वाळल्यावर वास गेला असे वाटले. परंतु पायाला घाम आला की तोच कुबट वास पुन्हा येतो. हे सँडल टाकून देण्याचे मन होत नाही. काय करावे?

प्रतिसाद १:
वास मातीचा नसून जिवाणूंचा आहे. पायाची मृत त्वचा आणि घाम सँडलच्या तळव्याच्या थरात मुरतो, तेथे जिवाणू वाढतात आणि त्यांच्यामुळे आंबूस वासाची आम्ले तयार होतात. वरवर साबण फिरवून ती निघत नाहीत. आधी चिखल पूर्ण वाळू द्या आणि कोरड्या ब्रशने झाडून घ्या, कारण ओली काळी माती घासल्यास ती विणीत अधिकच खोल जाते. वेल्क्रोच्या आकड्यांत अडकलेली माती व धागे सुईने काढा. मग कोमट पाण्यात एन्झाइम असलेली कपड्यांची पावडर विरघळवून त्यात सँडल तासभर बुडवून ठेवा आणि जुन्या टूथब्रशने तळव्यावरील प्रत्येक खाच, विशेषतः बोटांच्या खालची जागा, घासा. पाणी स्वच्छ निघेपर्यंत खळबळणे फार महत्त्वाचे आहे.

प्रतिसाद २:
वरील पद्धत योग्य आहे. त्यानंतरही वास उरल्यास खाण्याचा सोडा तळव्यावर भुरभुरून रात्रभर ठेवावा आणि सकाळी झटकावा. अनेकजण सोडा व व्हिनेगर एकत्र ओततात, पण ते एकमेकांना निष्प्रभ करतात, त्यामुळे फेसापलीकडे फारसे काही हाती लागत नाही. ब्लीच आणि व्हिनेगर मात्र कधीही एकत्र करू नये. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. सँडल गरम पाण्यात किंवा हीटरजवळ ठेवू नयेत, कारण उष्णतेने तळव्याचा डिंक सुटतो आणि फोमचा तळवा आक्रसतो. हवेशीर सावलीत, पट्ट्या पूर्ण उघडून वाळवावेत.

प्रतिसाद ३:
हे सारे नायलॉन व रबरासाठी ठीक आहे. कोल्हापुरी चपलेला मात्र कृपया पाण्यात बुडवू नका. चामड्याची चप्पल ओलसर फडक्याने पुसून सावलीत वाळवावी. शिवाय बोटांच्या बेचक्यांत खाज किंवा सोललेली त्वचा असेल, तर बुरशीचा संसर्ग असू शकतो. त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे, अन्यथा स्वच्छ केलेल्या सँडलमध्ये तो पुन्हा जाईल.

प्रश्नकर्ता:
मनापासून आभार. उजव्या पायाच्या करंगळीजवळ खाज खरोखरच आहे, ती मी चालण्याचीच समजत होतो. उद्याच डॉक्टरांकडे जातो. सँडल आताच भिजत घातले आहेत.