फी माफ झाली, मेसचं काय?

खेड्यातून शहरात शिकायला येणाऱ्या मुलांसाठी जमवलेले पैसे कशावर खर्च करायचे, या चर्चेत वर दोघा-तिघांनी लिहिलंय की आता फी माफ झाली, तेव्हा खेड्यातल्या मुलांना फक्त मार्गदर्शन हवं. मला हे अजिबात पटत नाही. 2024-25 पासून ओबीसी, ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल) आणि एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) प्रवर्गांतल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ झाली, हे फार चांगलं झालं. पण परभणीहून पुण्यात आलेल्या मुलीला कॉट बेसिसचं, म्हणजे खोलीतल्या एका खाटेपुरत्या भाड्याच्या जागेचं, डिपॉझिट आणि मेसचा अ‍ॅडव्हान्स आल्या आल्या मोजावा लागतो. सरकारी वसतिगृहात नंबर न लागलेल्या अनुसूचित जातीच्या मुलांसाठी राहण्या-जेवणाचा खर्च खात्यात देणारी सरकारची स्वाधार योजना आहे, पण ती रक्कम खात्यात जमा होईपर्यंत मेसवाला थांबत नाही. मग एका डब्यात दोघं जेवतात, नाहीतर पोरगं सरळ गाव गाठतं.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी ही नस नेमकी ओळखली होती. 1924 साली साताऱ्यात त्यांनी सगळ्या जातींच्या मुलांसाठी वसतिगृह काढलं. आधी राहण्या-जेवणाची सोय, मग पुस्तकं.

म्हणून माझं म्हणणं, जमवलेले पैसे बक्षीस समारंभावर घालवू नका. पहिल्या तीन महिन्यांचं मेसबिल बिनव्याजी उचला, योजनेचे पैसे आले की मुलं परत करतील. नोकरीसाठी शेवटच्या वर्षाला अ‍ॅप्रेंटिसशिपचा अर्ज सोबत बसून भरून घ्या. ज्यांच्या घरात कुणी कधी ऑफिसची पायरी चढलेलं नाही, त्यांची एक सराव मुलाखत तरी घ्याच.