जीनचं नाव बदललं, शीट बदलली नाही. झुकायचं कोणी?

डिंक्या_पीडित

तर झालं असं. २०२४च्या उन्हाळ्यात काटोलकडच्या एका संत्र्याच्या बागेत डिंक्याचे सॅम्पल घेऊन राहिलो होतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, डिंक्या म्हणजे फायटोफ्थोरा नावाच्या बुरशीसारख्या जिवाचा रोग, बुंध्यातून डिंक गळते, साल सडते, झाड हळूहळू वाळते. प्रत्येक झाडाला ओळ-झाड असा कोड दिला, तिसऱ्या ओळीतलं पाचवं झाड म्हणजे ३-५. मातीच्या पिशवीवर मार्करने तोच कोड, प्लेटवर तोच, मोबाईलमधल्या स्प्रेडशीटमध्येही तोच. रूमवर येऊन फाईल लॅपटॉपवर उघडली तर ३-५ च्या जागी ०३-मे. १२च्या आतले बहुतेक कोड तारखा होऊन बसले होते आणि पुढचे काही तसेच शहाण्यासारखे उभे. मी कॉलम सिलेक्ट करून टेक्स्ट केला तर आकडा आला ४५४१५. पंचेचाळीस तं इथलं तापमान असते, मला वाटलं ऊन डोक्यात गेलं.

खरी मजा पुढे. ज्युनिअरच्या लॅपटॉपवर तारखेचं सेटिंग अमेरिकन, महिना आधी. त्याच्याकडे ३-५ म्हणजे ५ मार्च. माझ्याकडे ५-३ म्हणजे ५ मार्च. दोन्ही फाईली जोडल्या तेव्हा तिसऱ्या ओळीतलं पाचवं झाड आणि पाचव्या ओळीतलं तिसरं झाड एकच होऊन गेलं, दोघांचा नंबर ४५३५६. एक झाड डिंक्यानं अर्धं गेलेलं, दुसरं ठणठणीत.

हे माझं एकट्याचं रडगाणं नाही. माणसाच्या सेप्ट१, मार्च१ अशा नावांच्या जीनचंही हेच होत होतं, एक्सेलमध्ये त्यांच्या १ सप्टेंबर, १ मार्च अशा तारखा व्हायच्या, म्हणून नावं ठरवणाऱ्या कमिटीनं, म्हणजे एचजीएनसीनं, २०२० मध्ये नावंच बदलून टाकली. सेप्ट१ आता सेप्टिन१, मार्च१ आता मार्चएफ१. माझं म्हणणं एवढंच की हे उलटं झालं. सायन्सनं काहून झुकायचं? भाडेकरूनं त्रास दिला म्हणून घरमालकानं आडनाव बदलायचं का?

मिहान_डेव्हलपर

भाऊ, सहानुभूती आहे पण चूक तुमची आहे. स्प्रेडशीट हिशोबासाठी बनलेली चीज आहे, खातेवहीच आहे ती, तिच्यात जीन ठेवले आणि वर म्हणता हिला बायोलॉजी काहून येत नाही. कॉलम आधी टेक्स्ट करायचा, मग डेटा भरायचा. नाहीतर कोडच्या आधी अपॉस्ट्रॉफी. सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांची साधी टेक्स्ट फाईल असेल तर डबल क्लिक न करता इम्पोर्टमधून उघडायची. पाच मिनिटांचं काम आहे. तुम्ही ते आधी नाही केलं, नंतर केलं, तोवर आतमध्ये तारीख साठवून झाली होती. तुम्हाला दिसलेलं ४५४१५ म्हणजे १९००च्या १ जानेवारीपासून मोजलेले दिवस, बस. त्यातही एक दिवस जास्तीचा आहे कारण एक्सेल १९०० ला लीप वर्ष धरते, जे नव्हतं. लोटस १-२-३ नावाच्या जुन्या स्प्रेडशीटमध्ये ती चूक होती, त्याच्या फाईली जुळाव्या म्हणून एक्सेलनं मुद्दाम तशीच ठेवली, आणि आता ती काढली तर जगातल्या किती शीट मोडतील कोणालाच सांगता येणार नाही. डिफॉल्ट बदला डिफॉल्ट बदला म्हणणाऱ्यांनी यावर विचार करावा.

इतवारीचा_पोरगा

आमचं इतवारीत किराण्याचं होलसेल आहे. बाबा पूर्ण दिवस ५-३, ६-३ असंच टाकतात आणि ते तारीख होते म्हणूनच महिन्याची उधारी एका क्लिकमध्ये निघते. तुम्ही म्हणाल ते बंद करा तर बाबांनी काय करायचं, प्रत्येक वेळी पूर्ण तारीख लिहायची? जगात जीनवाले किती आणि उधारीवाले किती ते पहा ना आधी.

पेट्रीडिश_ताई

@मिहान_डेव्हलपर पाच मिनिटांचं काम असतं तर ऐका. २०१६ मध्ये मार्क झीमन आणि सहकाऱ्यांनी जीनोम बायोलॉजी या जर्नलमध्ये छापलं, की ज्या पेपरांसोबत जीनच्या याद्या एक्सेलमध्ये जोडल्या होत्या त्यातल्या साधारण पाचातल्या एका पेपरात जीनची नावं बिघडलेली होती. बोंबाबोंब झाली, सगळ्यांनी वाचलं. मग २०२१ मध्ये परत मोजलं, ११,११७ पेपर, त्यात ३,४३६ मध्ये चुका. म्हणजे ३० टक्क्यांच्या वर! सगळ्यांना सांगूनसुद्धा कमी व्हायच्या ऐवजी वाढल्या. आणि हे काही काटोलच्या बागेत घामानं भिजलेले पोट्टे नव्हते, मोठ्या जर्नलमध्ये छापणारे लोक होते, त्यांच्यावर रिव्ह्यूअर, रिव्ह्यूअरवर एडिटर. एवढ्या डोळ्यांखालून ०१-मार्च नावाचा जीन निघून गेला. एक माणूस चुकला तर तो बावळट म्हणू, तीन हजार पेपर चुकले तर वस्तूच तशी बनवली आहे म्हणायचं की नाही?

आणि पहिली तक्रार २००४ची आहे. मायक्रोसॉफ्टनं आपोआप होणारे बदल बंद करायचं सेटिंग सगळ्यांना दिलं २०२३च्या ऑक्टोबरात. एकोणीस वर्षं. तेवढ्यात पोरगं पाळण्यातून कॉलेजात जाते.

मिहान_डेव्हलपर

@पेट्रीडिश_ताई आकडे मान्य. पण याचा अर्थ असाही निघतो की बायोलॉजीवाले एकोणीस वर्षं चुकीचं हत्यार वापरत राहिले. आर शिका, पायथन शिका, प्रोग्रामिंगच्या भाषा आहेत, फुकट आहे सगळं. कॅरेक्टर, म्हणजे नुसता मजकूर, सांगितलं की कॅरेक्टरच राहते, स्वतःची अक्कल चालवत नाही. आमच्याकडे कोणी डेटाबेसऐवजी एक्सेल वापरलं तर त्याला चहाच्या टपरीवर तोंड दाखवता येत नाही. २०२० मध्ये इंग्लंडमध्ये कोरोनाच्या १५,८४१ केसेस आकडेवारीतून गायब झाल्या, कारण जुन्या एक्सएलएस फाईलमध्ये ६५,५३६ च्या वर ओळी मावत नाहीत, उरलेल्या गुपचूप बाहेर. तिथं पण सॉफ्टवेअरलाच शिव्या देणार का? ते ठरलेल्या मर्यादेतच वागलं.

पेट्रीडिश_ताई

"गुपचूप" हा शब्द तुम्हीच लिहिला. माझं भांडण त्याच्याशीच आहे. बदल कर, पण विचार तर. मावत नाही तर बोंबल. दुधवाला पाणी टाकतो तोसुद्धा थोडा घाबरत टाकतो.

फ्लॅट_नंबर_१२

फुकटात सांगतो, एवढं कशाला, गूगल शीट्स वापरा. २०१६च्या त्याच अभ्यासात लिहिलंय की गूगल शीट्सनं जीनच्या नावांची तारीख केली नाही, लिब्रेऑफिसनं मात्र केली होती. विषय संपला.

डिंक्या_पीडित

बागेत नेटवर्क राहते का बे. एक टॉवर, तोही लाईट असेल तेव्हा.

निवृत्त_प्राध्यापक

मी तेहतीस वर्षे वनस्पतिशास्त्र शिकवलं, त्यामुळे थोडं लांबण लागेल, सांभाळून घ्या.

श्री. मिहान, तुमचं आर आणि पायथन मला तत्त्वतः मान्य आहे. पण आमच्या कॉलेजात एमएस्सीला चाळीस मुलं आणि चालू अवस्थेतले संगणक बारा. त्यातल्या निम्म्या मुलांनी सेमिस्टरच्या आधी माऊससुद्धा नीट धरलेला नसायचा, ती रामटेक, उमरेड, कुही इथून एसटीनं येणारी मुलं. एका सत्रात त्यांना पेशीविभाजन शिकवायचं, हर्बेरियम, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह करून घ्यायचा, की व्हेरिएबलचा प्रकार काय असतो ते सांगायचं? स्प्रेडशीट त्यांना एका दुपारी जमते. उघडलं, चौकटी दिसल्या, भरल्या. चुकीचं हत्यार म्हणायला सोपं आहे, पण हाताशी तेवढंच असतं.

आता नाव बदलण्याबद्दल. मूळ लेखकाला ती शरणागती वाटते, मला नाही वाटत. आमच्या क्षेत्रात नावं बदलतच आली आहेत. लहानपणी आम्ही बाभळीला अकेशिया निलोटिका म्हणून पाठ केलं, आता ती व्हॅचेलिया निलोटिका आहे. बाभळीला काय फरक पडला? काटे तेवढेच. नाव हे कामासाठी असतं, त्यात अडचण येत असेल तर बदलावं. एचजीएनसीनं नुसती तारखांसारखी दिसणारीच नावं बदलली असंही नाही, कार्स आणि वार्स नावाचे जीन होते, ते साधे इंग्रजी शब्द असल्यामुळे शोधताना भलतंच सापडायचं, म्हणून त्यांनाही १ जोडला. आणि एका जीनचं नाव तर सॉनिक हेजहॉग आहे, व्हिडिओ गेममधल्या पात्रावरून. त्यात बिघाड झाला तर बाळाच्या मेंदूचे दोन भाग नीट वेगळे होत नाहीत. आता हे नाव आईबापांसमोर डॉक्टरनं कोणत्या तोंडानं घ्यायचं? मुळात नावं ठेवतानाच आपण शास्त्रज्ञ फार शहाणे नव्हतो, हे आधी कबूल करू.

डिंक्या_पीडित

सर, आदर आहे पण पटलं नाही. बाभळीचं नाव बदललं ते बाभळीचं नातं नीट समजलं म्हणून, म्हणजे कारण झाडाकडून आलं. इथं कारण आलं दुकानातून. मार्च१ मध्ये सायन्सच्या हिशोबानं काय चूक होती? मेम्ब्रेन असोसिएटेड रिंग-सीएच, पहिली अक्षरं घेतली, झालं. अन् जुने पेपर? त्यात जुनंच नाव राहणार. नव्या पोट्ट्यानं मार्चएफ१ शोधलं तर २०१०चा पेपर त्याला सापडेल का?

पेट्रीडिश_ताई

सापडेल, जुनी नावं एचजीएनसीच्या नोंदीत तशीच ठेवलेली आहेत, जुनं टाकलं तरी नवं निघते. या एका मुद्द्यावर मी सरांसोबत. नाव बदललं हे बरंच केलं. एकोणीस वर्षं कंपनीच्या दारात उभं राहण्यापेक्षा आपल्या हातात होतं ते केलं आणि मोकळे झाले. फक्त त्याला "प्रश्न सुटला" म्हणू नका. नाव इंग्रजी महिन्यांपुरतंच बदललं. त्याच २०२१च्या पेपरात आहे, संगणकाची भाषा फिनिश असेल तर टॅम४१ नावाच्या जीनची जानेवारी १९४१ होते कारण तिकडे जानेवारीला टॅम्मिकू म्हणतात. स्पॅनिशवाल्यांकडे एजीओ२ हा ऑगस्ट होतो, तिकडे ऑगस्टला अगोस्तो म्हणतात. किती भाषांचे महिने टाळत बसणार? उद्या मराठी सेटिंगमध्ये "जाने", "फेब्रु" चालू झालं की मग आपली पाळी.

इतवारीचा_पोरगा

सरांचं बाभळीचं आवडलं. पण माझ्या बाबांचं काय ते कोणी बोललं नाही अजून.

पेट्रीडिश_ताई

तुमच्या बाबांना ५-३ ची तारीख पाहिजे, मिळू द्या. माझी मागणी एवढीच की पहिल्यांदा करताना विचारा, "यांच्या तारखा करू का?" बाबा एकदा हो म्हणतील, मी एकदा नाही म्हणेन, दोघंही जेवायला मोकळे. ते २०२३चं सेटिंगसुद्धा आपण होऊन शोधून बंद करावं लागते, आणि माझ्या लॅपटॉपवर बंद केलं म्हणून गाईडच्या लॅपटॉपवर बंद होत नाही. फाईल फिरते पाच जणांकडून, त्यातल्या एकानं उघडून सेव्ह केली की झालं.

मिहान_डेव्हलपर

विचारणारे पॉप-अप आम्ही पण बनवले आहेत ताई. लोक न वाचता ओके दाबतात. तुमचे गाईड पण दाबतील.

पेट्रीडिश_ताई

आमचे गाईड दाबतील, खरं आहे 😄 पण मग निदान चूक कोणाची ते तरी कळेल.

फ्लॅट_नंबर_१२

मूळ प्रश्न राहूनच गेला. त्या दोन झाडांचं पुढं काय झालं?

डिंक्या_पीडित

तेच सांगायला आलो. ज्यांची बाग आहे त्या काकांकडे शंभर पानी वही निघाली, तिच्यात पेनानं बागेचा नकाशा, प्रत्येक झाडाला एक टिंब, गळणाऱ्या झाडाला टिंबाभोवती गोल. माझी माती घेतली त्या दिवशीची तारीखसुद्धा लिहिलेली, अन् ती खरोखरच तारीख होती. वही, पिशव्यांवरचा मार्कर अन् प्लेटचे फोटो तिन्ही जुळवून आठ दिवसांत पूर्ण शीट परत उभी केली. रोगी झाड ५-३ निघालं. ३-५ मस्त आहे, यंदा आंबिया बहारही चांगला धरला त्यानं.

@मिहान_डेव्हलपर अपॉस्ट्रॉफीचं म्हणाल तं एकदा डिंकानं चिकटलेल्या बोटांनी मोबाईलवर दोनशे वेळा लावून पहा. मी त्याहून सोपं केलं. आता मधला डॅशच काढला. ओळीला आकडा, बागेच्या तुकड्याला इंग्रजी अक्षर, मग झाडाचा नंबर. ए पासून एच पर्यंत तुकडे पाडले. म्हणजे ३बी५, ३सी५, असं. आता कर म्हणा याची तारीख.

मिहान_डेव्हलपर

छान. ई तुकड्यातलं एखादं झाड टाकून पहा जरा. ३ई५.

डिंक्या_पीडित

काहून?

मिहान_डेव्हलपर

टाका तं.

डिंक्या_पीडित

३.००ई+०५ आलं बे. वरच्या पट्टीत पाहिलं तं ३०००००. तीन लाख.

पेट्रीडिश_ताई

तीनच्या पुढे पाच शून्य. २००४च्या तक्रारीत हे पण होतं, रिकेन या जपानी संशोधन संस्थेच्या क्लोनच्या, म्हणजे डीएनएच्या नमुन्यांच्या, नंबरांमध्ये मधेच ई यायचा आणि त्याचं असंच व्हायचं.

इतवारीचा_पोरगा

तीन लाख संत्रं असतील तर भाव सांगा, बाबा विचारून राहिले.